एक कवळ कापूस

मित्रांनो, मी एक टेंपो. जुना झालोय, दार ओढलं तर हातात येतं. पण तोंड अजून चालतं, तेव्हा बसा जरा आणि ऐका.

जन्म कारखान्यातला, पण मला कळायला लागलं ते जळगावात. आधी मी भाजी वाहिली, मग केळी. रावेरहून घड भरून निघालो की माणसं वळून बघायची. रंगच तसा होता माझा, पिवळाधमक. मालक रोज धुवायचा, हार घालायचा. मग रंग उडाला, पत्रा कुजला, धुणं थांबलं. एका कोपऱ्यात पडून राहिलो. पोटाखाली कुत्री व्यायली, पण मालक फिरकला नाही. तिथून मला उचललं फारुख पिंजाऱ्यानं.

त्यानं भाड्याची खोली सोडली, बायकोची पाटली मोडली आणि बिऱ्हाड माझ्यातच आणलं. अर्ध्या भागात कापूस पिंजायचं यंत्र, उरलेल्या अर्ध्यात संसार. स्टोव्ह, पत्र्याची पेटी, बायको मेहरुन आणि नुकती पाय टाकायला लागलेली जुबेदा. गावोगाव जायचं, पारापाशी थांबायचं, लोकांच्या गाद्या उसवायच्या, दबलेला कापूस पिंजून फुलवायचा, परत भरून शिवून द्यायचा. लोकांना मऊ निजवायचं आणि आपण माझ्या पत्र्यावर पोतं टाकून पडायचं, असा त्यांचा धंदा.

माणूस मात्र लाखात एक. पिंजताना धूळ उडते, कचरा गळतो, कापूस थोडा घटतोच. किती घटला ते पिंजाऱ्यालाच ठाऊक. कुणी विचारत नाही, सगळं त्याच्या इमानावर. फारुख खाली पडलेला पुंजकासुद्धा वेचून ज्याच्या त्याच्या गादीत घालायचा. असोद्यापासून पिंपळनेरपर्यंत बायका म्हणायच्या, फारुखभाऊला गादी द्यावी आणि खुशाल शेतात जावं.

एका हिवाळ्यात जुबेदाची छाती भरली. माझा पत्रा दिवस कलला की बर्फ व्हायचा. आता पत्र्यानं पत्र्यासारखं नाही तर कसं वागायचं? पण ते पोर खोकलं की मला वाटायचं, हे माझ्यामुळंच.

त्यातच असोद्याच्या कुंदाबाईनं बोलावलं. तिच्या सुनंदाचं लग्न ठरलं होतं पिंपळनेरला. लेकीसोबत द्यायची गादी भरायची होती. कापूस घरच्या शेतातला, पहिल्या वेचणीचा. ढीग ओतून कुंदाबाई म्हणाली, "भाऊ, हात आखडू नको. पोरगी परक्या घरी निजनार हाये."

"तू बेफिकीर ऱ्हाय, अक्का," फारुख म्हणाला.

ती चहा ठेवायला आत गेली. जुबेदा खोकली, खोकून खोकून निळी पडली. फारुखनं ढिगातला एक कवळ, दोन्ही हातांच्या मिठीत मावेल एवढा, कापूस उचलला आणि पेटीमागं दाबला. इतकंच.

त्याची पोरीपुरती गादी झाली. मेहरुननं विचारलं, "कापूस कुठला?"

"घटीतला," तो म्हणाला.

घटीत, म्हणजे पिंजताना खाली गळतं त्यात, काळा कचरा असतो. हा कापूस दुधासारखा पांढरा. मेहरुन शहाणी बाई, पुढं बोलली नाही. पोर त्या गादीवर निजलं आणि आठवडाभरात हसायला लागलं. फारुख मात्र त्या गादीकडं पाठ करून झोपायचा. कामावर कुणी न विचारता रिकामी खोळ झटकून दाखवायचा, "बघा, काही ऱ्हायलं नाही." बायका हसायच्या. मला नाही हसू यायचं.

वर्ष फिरलं. हिवाळ्यात आम्ही पिंपळनेरला उभे होतो, गाद्यांची रांग लागली होती. बेबाबाई नावाची एक बाई आली, मागं तिची सून गादी ओढत. निळ्या पट्ट्यांची खोळ, कडेला फारुखचाच टाका. सून म्हणजे आपली सुनंदा.

"दख बरं फारुखभाऊ," बेबाबाई तिकडच्या अहिराणीत म्हणाली, "हाई गादी शे का भाकर? आंग टाकं का खाट टोचस. हिनी मायनी दिधेल शे."

"कापूस वाटमा उडी ग्या व्हई," शेजारची मंजुळाबाई म्हणाली, आणि सगळ्या खिदळल्या.

सुनंदा खाली बघत राहिली. आईच्या बाजूनं एक शब्द बोलली नाही.

फारुखनं टाका उसवायला घेतला आणि त्याचा हात थांबला. आतून मेहरुन हळूच म्हणाली, "गप बसा. हे गाव गेलं की सगळी गावं जातील. आपल्याला कडी लावून बसायला घरपण नाही."

खरंच होतं तिचं. चोर पिंजाऱ्याला कापूस कोण देतो? आणि पिंजणं गेलं की भाकर गेली.

फारुख उठला. माझ्यात चढून जुबेदाची गादी काढली आणि सगळ्यांसमोर फाडली. "अक्का, हिच्या आईनं कापूस पुरता दिला होता. मी काढला. हा घ्या."

बेबाबाई म्हणाली, "वरीसभर मी हिनी मायना उद्धार करा, आनि चोर तू शेस?" आणि बायकांकडं वळून, "उचला वं बठ्ठ्या गाद्या."

अर्ध्या पिंजलेल्या गाद्या बायांनी ओढून नेल्या. फारुखनं सुनंदाची गादी भरली, जाडजूड शिवली, मजुरी मागितली नाही. जुबेदा गादीसाठी रडत होती.

गादी उचलताना सुनंदा पहिल्यांदा बोलली. "भाऊ, असोद्याले जासान का? माह्या मायले सांगजा... मीबी तिलेच बोल लावत होते. म्हनून आखाजीले गेले नही."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशात लेक माहेरी गेली नाही तर आईचं काय होतं, ते तुमच्या आईला विचारा.

आम्ही असोद्याला गेलो. कुंदाबाई ओट्यावर शेंगा फोडत होती. फारुखनं उभ्याउभ्या सगळं सांगितलं. मला वाटलं, आता ती हातातलं फेकून मारील. तिनं शेंगांचं सूप बाजूला सारलं.

"पोरीची वाट पाहून आखाजीच्या सांजोऱ्या मी गल्लीत वाटून टाकल्या," ती म्हणाली. "सासरचा बोल कानावर आला, तं मले वाटलं, मीच कापूस कमी काढला असन. ढीग माह्या डोळ्यानं पाहिला व्हता, तरी वाटलं."

फारुखची मान खाली.

"मले मागितला असता तं?"

"मागायची लाज वाटली, अक्का."

"आन घ्यायची नही वाटली?"

ती उठली, पदर खोचला. "जाय. माह्या कापसाले पुन्हा हात लावू नको. मी चालली पिंपळनेरले, पोरीले आनाले." त्याच दुपारी ती एसटीत बसली.

कुणी कापूस देईना, तेव्हा पिंजायचं यंत्र विकलं गेलं. फारुख रावेरला केळीचे घड उचलायला लागला. बिऱ्हाड माझ्यातच राहिलं, आणि जुबेदा केळीच्या वाळल्या पानांवर निजायला शिकली. फारुखला लोकांनी चोर म्हटलं, ते खोटं नव्हतं. मी मात्र त्याला इतकी वर्षं पोटात घेऊन हिंडलो, मला तसं म्हणवत नाही. आता ते कुठंशी भाड्याच्या खोलीत आहेत म्हणे. मी धुळ्याच्या भंगारात उभा आहे, आणि माझंही चाक कुणी कधी काढून नेईल सांगता येत नाही.

म्हणून एवढंच, मित्रांनो. रस्त्याकडेला एखाद्या गाडीत बिऱ्हाड दिसलं, तर पत्र्यावर थाप मारून गाडी हलवायला सांगण्याआधी आत डोकावा. लहान पोर असलं तर एक गोधडी द्या, जुनी चालेल. त्यानं मागायची वाट बघू नका. माणूस चांगलाच असतो हो, पण पोर थंडीनं कुडकुडायला लागलं की तो किती दिवस चांगला राहील, ते मला सांगता येत नाही.