सव्वाअकराचे बदाम

तिने दार आतून लावून घेतलं आणि संगणकावरची स्क्रिप्ट पुन्हा चालवली. जेमतेम दहा ओळींची; फोनवर आपला किती वेळ वाया जातो ते मोजायला रविवारी सकाळी हौसेने लिहिलेली. उत्तर तेच आलं. ताईच्या फोटोंवर तिच्या स्वतःच्या नावाने आवडल्याचे दोनशे चौदा लाल बदाम, आणि सगळे सव्वाअकराच्या सुमारास.

ताईशी ती दोन वर्षं बोललेली नव्हती. शिवाय सव्वाअकराला ती कामावर, एमआरआयच्या खोलीत असते. तिथे अंगावर टाचणीसुद्धा चालत नाही, फोन बाहेर कपाटात कुलूपबंद. म्हणजे घरातलंच कुणीतरी. घरून काम करणारा नवरा, दुसरं कोण! मेहुणीची बाजू घ्यायची खोड त्याला पहिल्यापासूनच. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"माझ्या नावाने ताईला बदाम पाठवतोस?" तिने त्याला ओट्यापाशी गाठलं.

"मी? बाई गं, मला माझाच पासवर्ड आठवत नाही."

"मग काय भुताने दाबले?"

"घरात तिसरं माणूसही आहे," तो म्हणाला आणि पुसलेलीच ताटली परत पुसू लागला.

बाबा गॅलरीत बसले होते, मांडीवर जुना टॅब. नातेवाइकांचे फोटो बघायला तो तिनेच दिला होता, स्वतःचं खातं उघडून. तिने त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून विचारलं.

"बोट लागलं असेल चुकून."

"दोनशे चौदा वेळा?"

बाबांनी टॅब छातीशी धरला. "तुझी आई दिसली की दाबतो. अकराला तिचा व्यायाम आटपतो. मग तीही दाबते."

आई ताईकडे राहत होती. पक्षाघाताने तिची वाचा गेली होती, बाबांचे कान त्याआधीच. फोन लावून उपयोग नव्हता. कुणी कुणाला सांभाळायचं यावरून दोघी बहिणी कडाकडा भांडल्या आणि म्हाताऱ्यांची वाटणी झाली.

तीही दाबते? ती तशीच आत गेली आणि स्क्रिप्टमधली नावं उलटी केली. ताईकडून आलेले बदाम. तेही सगळे साडेअकराच्या आत, आणि तिने टाकलेल्यांपैकी फक्त बाबा असलेल्या फोटोंवर. त्या वेळी ताई शाळेत वर्गावर असते. तिचा जुना फोन मात्र आईच्या उशाशी असतो, फोटोत कितीदा दिसला होता.

याच बदामांवरून सहा महिने ती ज्याला त्याला सांगत सुटली होती, ताई नरमली म्हणून. ताईने तर एकही दाबला नव्हता. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बंद करणार का आता?" बाबा दारात उभे होते.

तिने नकारार्थी मान हलवली आणि ताईचा नंबर लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"केलास एकदाचा फोन!" ताई म्हणाली. "रोज बदाम पाठवतेस नि बोलत नाहीस. माझ्या मनात यायचं, धाकटी असून हिने माघार घेतली, आणि मीच मेली अडून बसलेय. तूच पाठवायचीस ना गं ते?"

बाबा तिच्या ओठांकडे बघत होते.

"हो," ती म्हणाली. "मीच."