कुत्र्याचं नाक

कॉलेजात मी चित्रकलेचा इतिहास शिकले. जुन्या चित्रांवरचं वॉर्निश कशाकशाने उतरतं यावर वीस पानी निबंधही लिहिला होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला अजाण समजायला नको.

आमच्या शहराच्या कलासंग्रहालयात दर गुरुवारी सकाळी बाबागाड्यांना मोकळीक असते. हॅल्वरसन बाई चित्रं समजावतात, आम्ही आया निम्मं ऐकतो. माझ्या निबंधाचं मी त्यांना पहिल्याच दिवशी ऐकवलं होतं. घरी द्राक्षाचे चार तुकडे करूनही ते लेकीच्या घशात अडकतील अशी मला धास्ती वाटते. तिथे जरा बरं वाटायचं. अडीच वर्षांच्या नेलला मात्र तीनशे चित्रांच्या त्या संग्रहात एकच हवं असायचं: मासे साफ करणारी बाई आणि तिच्या पायाशी बसलेला काळा कुत्रा. शंभर वर्षांपूर्वी कुणा लाकूडवाल्याने दिलेलं मोठं चित्र. कुत्रा बरोबर नेलच्या उंचीवर.

त्या दालनाचे राखणदार वेंडेल प्रुइट, सत्तरीला टेकलेले. आत खायला बंदी. नेलने भोकाड पसरू नये म्हणून मी तिच्या मुठीत चीजची बिस्किटं कोंबली, तेव्हा ते छताकडे बघत म्हणाले, "मला काही दिसत नाही हं. चष्मा घरी राहिलाय." चष्मा नाकावरच होता.

मग नेलचा एक बूट दिसेना. मी म्हणाले, "शेजारच्या दालनात जरा बघता का हो? ही मला सोडणार नाही." त्यांनी जागा सोडायची नसते, हे मला ठाऊक होतं. ते गेले. तेवढ्यात नेलने बिस्किटांनी नारिंगी झालेलं बोट कुत्र्याच्या नाकावर टेकवलं.

माझा हात आपसूक पिशवीत गेला. दिवसातून तीसदा जातो तसाच. ओला वाइप काढला नि पुसलं. थोडं राहिलंय असं वाटलं म्हणून पुन्हा पुसलं. वाइपवर जुन्या वॉर्निशचा चहासारखा डाग आला, आणि कुत्र्याच्या नाकावर नाण्याएवढा भुरका ठिपका उरला.

"घ्या, एका पायाच्या राणीसाहेब!" वेंडेल बूट नाचवत आले. मी वाइप पिशवीत दडपला, आभार मानले आणि निघाले. घरी तो फेकवेना. झिपच्या पिशवीत घालून ठेवला.

पुढच्या गुरुवारी वेंडेल खाली, कोट ठेवायच्या खिडकीत बसलेले.

"इथे कसे?"

"गुडघे कुरकुरतात हो."

"गुडघे कसले!" शेजारी उभ्या हॅल्वरसन बाई म्हणाल्या. "हे जागेवरून हलले आणि कुणीतरी चित्र खराब केलं. का गेलात विचारलं, तर म्हणे आठवत नाही. उद्या यांच्या नोकरीचा निकाल आहे."

"विसरायचं वय झालं, बाई," वेंडेल म्हणाले.

नेल खिडकीला लोंबकळली. "भूभू कुठाय?"

"आंघोळीला गेलाय."

"आईनं त्याचं नाक पुसलं," नेल ऐटीत म्हणाली. "शेंबूड होता."

बाई खळखळून हसल्या. वेंडेल हसले नाहीत. माझ्याकडे न बघता त्यांनी कोटाचा बिल्ला पुढे सरकवला. "आया पुसतच असतात. जा, वर सुरू होईल." आमच्या वाइपला काकडीचा वास येतो. त्यांना तो त्याच दिवशी आला असणार.

बिल्ला हातात होता, जिना समोर. आणि तेव्हाही माझ्या मनात आधी आलं ते वेंडेलचं काय होईल हे नाही, तर बाकीच्या आया मला काय म्हणतील, हे.

मी झिपची पिशवी काढून बाईंपुढे ठेवली. "पोर खरं सांगतेय. यांना बूट शोधायला मीच पाठवलं होतं."

बाईंचं हसू हळूहळू ओसरलं. "पण तुम्ही तर हेच शिकलात ना?"

"हो."

मग खिडकीतून वेंडेल हळूच म्हणाले, "आता आठवलं. डावा होता."

मला मान वर करवेना. नेलने डावा पाय उचलून त्यांना दाखवला.