तेरा थैल्यांची एक माती

धुळ्यातल्या त्या कापडगिरणीचा भोंगा बंद होऊन बावीस वर्षं झाली, पण सुपडू नाना अजून कामावरच होते. आधी रंगखात्यात कामगार, मग फाटकावर राखणदार आणि जागा महापालिकेकडे गेल्यापासून कुणीही न नेमलेले सर्वाधिकारी. आवारात कुत्रं शिरलं तरी ते नानांना विचारून शिरावं, अशी त्यांची अपेक्षा असे. कुत्री ती मनावर घेत नसत.

ह्या जागेवर जुन्या कामगारांसाठी घरं होणार होती. ‘क’ इमारत, तळमजला, चौथं दार हे नानांचं. नानांपेक्षाही ते त्यांच्या बायकोचं, तानुबाईंचं. गेली सहा वर्षं त्या नकाशावरच्या त्या घरात राहत होत्या. डबे कुठल्या भिंतीला, पाटा कुठे, तुळस दाराच्या कुठल्या अंगाला, सगळं ठरलेलं. एकदा तर नाना चाळीतल्या खोलीत पाय पसरून बसले असता, “तठे मोरी शे, तठून उठा,” म्हणून त्यांना उठवलं होतं. आता अडलं होतं ते एका मातीच्या तपासणीवर. गिरणीने तीस वर्षं रंग आणि रसायनं वापरलेली, तेव्हा जमीन राहण्याजोगी आहे असा दाखला हवा होता.

त्या कामासाठी जळगावहून पुनम आली. सव्वीस वर्षांची, पर्यावरण शिकलेली, डोक्यावर पिवळं हेल्मेट. मोकळ्या मैदानात हेल्मेट कशाला, हे नानांना शेवटपर्यंत उमगलं नाही. तिने जुना नकाशा पाहून तेरा ठिकाणी खुंट्या ठोकल्या, यंत्राने खोल भोकं पाडली आणि प्रत्येक भोकाशेजारी प्लॅस्टिकवर त्याची माती काढून ठेवली. शेजारी एकेक थैली, थैलीवर आकडा. तेवढ्यात महापालिकेतून फोन आला आणि तिला तातडीने एका सहीसाठी जावं लागलं.

“नाना, एवढी माती थैल्यांत भरून ठेवाल का?”

विचारलं कुणाला, तर सुपडू नानांना! शिंदखेड्याजवळ नानांचं दोन एकर रान होतं आणि माती परीक्षणाला नमुना पाठवायचा तर तो नानांनीच, असं गावात मानलं जाई. कृषी सहायकाने एका सभेत त्यांना पुढे बोलावून नमुना कसा घ्यावा ते सगळ्यांना दाखवायला लावलं होतं. त्या दिवसापासून नानांची मान जी ताठ झाली, ती अद्याप खाली आलेली नव्हती.

दोन तासांनी पुनम परतली तर तेरा थैल्या भरून, सुतळीने बांधून, लग्नघरातल्या आहेरासारख्या ओळीने मांडलेल्या. बाजूची जमीन झाडूनसुद्धा ठेवलेली. तिने नानांचे आभार मानले, तानुबाईंच्या हातचा चहा घेतला आणि थैल्या प्रयोगशाळेत धाडल्या. पंधरा दिवसांनी अहवाल आला. जमीन मर्यादेत, हरकत नाही. चाळीत पेढे वाटले गेले.

तिसऱ्या दिवशी पुनम पुन्हा आली. ह्या वेळी हेल्मेट काखेत होतं आणि चेहरा पडलेला.

“नाना, तेरा ठिकाणची माती अगदी सारखी कशी निघाली? क्रोमियमसुद्धा तेरा थैल्यांत एकच. असं होत नसतं.”

“व्हईच ना,” नाना प्रसन्नपणे म्हणाले. “बठ्ठी माटी एकजीव करी टाकी व्हती, माय. आमना कृषी सहायकनी तसंच शिकाडेल शे.”

आणि त्यांनी उठून रीतसर दाखवलं. सगळ्या जागांची माती एका गोणपाटावर घ्यायची, खडे वेचायचे, कालवायची. ढिगाचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, उरलेले पुन्हा कालवायचे. असं चार वेळा. म्हणजे शेताचा खरा नमुना मिळतो. नानांनी तो एकदा नाही, तेरा थैल्या भरतील इतका मिळवला होता. पुनम दगडावर बसली. तिला हसू येत होतं आणि नोकरीही डोळ्यांसमोरून जात होती.

“चूक माझीच आहे,” ती म्हणाली. “मी समोर थांबायला हवं होतं. अहवाल मागे घेते. सगळं परत करू. आणि नाना, नकाशात नसलेली एखादी जागा आहे का? टाकी, खड्डा, काहीही?”

नाना गोणपाट झटकू लागले. त्यात काहीच उरलं नव्हतं, तरी झटकत राहिले.

खड्डा होता. रंगखात्याचं उरलंसुरलं पाणी आणि गाळ वर्षानुवर्षं त्यात जाई. गिरणी बंद व्हायच्या आदल्या वर्षी मालकाच्या माणसांनी तो मुरमाने बुजवला आणि त्या बुजवणाऱ्यांत नानाही होते. पुनमची एकही खुंटी तिथे नव्हती. थैल्या भरताना हे त्यांच्या लक्षात आलं होतं. उकिरड्याजवळची माती नमुन्याला घेऊ नये, असं कृषी सहायकानेच सांगितलेलं, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. समजूत चांगली होती. फक्त तो खड्डा ‘क’ इमारतीच्या अगदी खाली येत होता.

“आसं काही ध्यानमा नही,” नाना म्हणाले.

तानुबाई चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी पेला पुनमच्या हातात दिला, पदर खोचला आणि नवऱ्याकडे पाहिलं.

“रंगना खड्डा दखाडा का तुम्ही तिले?”

नानांचं तोंड कडू कारलं खाल्ल्यासारखं झालं. पंधरा-वीस दिवस जे पाप त्यांनी बायकोसाठी म्हणून पोटात ठेवलं होतं, ते बायकोनेच एका वाक्यात अंगणात आणून टाकलं.

“तुन्हासाठेच गप राह्यनू मी,” ते पुटपुटले. “तुले घर पाहिजे व्हतं ना?”

“घर तं पाहिजेच.” तानुबाईंचा आवाज फाटला. “पन तुमना जोडीदार वना त्या खड्डामा उतरे. मरे तवलोंग त्याना हातनी चामडी निंघे. त्यानी बायको आपली शेजारीण व्हनार शे, तिसरं दार. तिना नातवं तठे खेळतीन. मी रोज तिना तोंडकडे कसं दखू?”

नानांना लाज वाटली, आणि त्याहून जास्त, ह्या बाईचा हेवा वाटला.

पुनमने नकाशा उघडला. खड्डा लहान असेल तर माती उपसून नेता येईल, वर्षभरात बांधकाम सुरू होईल, असं तिने समजावलं. तो इमारतीच्या रेघेपलीकडे गेला, तर मात्र ‘क’ इमारत ह्या टप्प्यातून निघेल. मग किती वर्षं, ते तिला सांगता येणार नव्हतं. नाना अडुसष्टचे होते.

“नाना, कुठून कुठपर्यंत होता? चालून दाखवाल?”

नाना पडक्या भिंतीपासून निघाले. मागून पुनम टेप सोडत येत होती. बारा पावलं झाली. पंधरा. वीस पावलांवर बाभळीचं झुडूप होतं आणि नकाशावरची रेघ तिथेच संपत होती. नाना थांबले. तिथेच थांबले असते तर कुणाला कळलं नसतं. खड्ड्याची कड पाहिलेली माणसं आता चाळीत दोनच उरली होती, ते स्वतः आणि त्यांना डबा आणून देणाऱ्या तानुबाई.

त्यांनी वळून पाहिलं. तानुबाई पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. त्यांनी ‘इथे नाही’ अशी मान हलवली.

“आखो पुढे,” त्या म्हणाल्या.

नाना आणखी नऊ पावलं चालले आणि पुनमच्या हातातली खुंटी घेऊन त्यांनी स्वतः ठोकली.