‘लागेल’ म्हणून ठेवलेली खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे. खुर्चीला मान नसते, पण असती तर आज ती खालीच असती.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तिथल्या एका बाईने माझे चाक बोटाने गरकन फिरवले आणि म्हणाली, “जा बाई, कुणाचे तरी पाय हो.” एवढाच आशीर्वाद घेऊन मी दुसऱ्या मजल्यावरच्या एका घरी आले.

त्या घरातले काका निवृत्त बसचालक. पाय गेले, पण चालकपणा गेला नाही. काकू मला ढकलायच्या आणि काका चढावर ओरडायचे, “गिअर बदला हो!” वळणावर तोंडानेच हॉर्न वाजवायचे. खाली शिवणकाम करणारे मास्तर दर आठवड्याला आपल्या मशीनच्या तेलाचे चार थेंब माझ्या चाकांत सोडायचे. “काकांची गाडी कुरकुरता कामा नये,” म्हणायचे. कधी एक पैसा घेतला नाही. तीन वर्षे माझा थाट राणीसारखा होता.

मग काका गेले. काकूंनी मला पुसले, घडी केली, वर निळी चादर घातली आणि माळ्यावर चढवले.

पाच-सहा महिन्यांनी मास्तरांची आई न्हाणीत घसरली. कंबरेचे हाड मोडले. एका सकाळी मास्तर दारात उभे राहिले. “काकू, काकांची खुर्ची थोडे दिवस मिळेल का?”

काकू नुकत्याच देवापुढून उठल्या होत्या. ‘कुणाला काही कमी पडू देऊ नकोस’ हे त्यांचे रोजचे मागणे. त्याच तोंडाने त्या म्हणाल्या, “ती होय? ती तर केव्हाच देऊन टाकली हो.”

मास्तर “बरं” म्हणून जिना उतरले.

मित्रांनो, काकूंना मी दोष देत नाही. त्यांना काकांच्या जागी दुसरे कुणी बघवत नव्हते. पण मी? मला त्या क्षणी चक्क बरे वाटले! मी काकांची खुर्ची, परक्याला कशाला बसवू? असा माझा तोरा. हीच माझी लाज आहे.

माळ्याला एक झरोका होता. त्यातून मला रस्ता दिसे. महिन्याच्या महिन्याला मास्तर आईला पाठीवर घेऊन दवाखान्यात जायचे. कोपऱ्यावर एकदा थांबायचे, भिंतीला हात टेकायचे, दम घ्यायचे. पहिल्या वेळी मी म्हटले, एकदाच असेल. मग मी मोजणे सोडले. चादरीखाली तोंड लपवायला जागा भरपूर होती.

दोन वर्षे गेली. घरात पाय ठेवायला जागा उरेना, तेव्हा काकूंची लेक आठ दिवसांची रजा काढून आली आणि पदर खोचून माळा उपसू लागली. डबे चार निघाले, झाकणे अकरा. दांडा नसलेली छत्री निघाली. प्रत्येक वस्तूला काकूंचे एकच उत्तर, “असू दे गं, लागेल.”

शेवटी मी निघाले.

“ही तर राहू दे. लागेल.”

“कुणाला?” लेकीने विचारले.

“लागेल कुणाला तरी.”

“नाव घे ना, आई. तुला? मला?”

“काहीतरीच काय बोलतेस! वाईटसाईट!”

“मग आपण कशाची वाट बघतोय?”

काकूंनी माझ्यावरची चादर काढली. बराच वेळ चादरीची घडी घालत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “मास्तरांनी मागितली होती. मी खोटं बोलले.”

“मी नेऊन देते,” लेक म्हणाली.

“नको. तोंड माझं काळं झालंय, मीच जाते.”

लेकीने मला जिन्यावरून उतरवले. पुढे काकूंनी ढकलले. माझी चाके अशी किंचाळली की अख्ख्या गल्लीने माना वळवल्या. पडून पडून रबराला भेगा गेल्या होत्या. डावे चाक तर जागोजाग फाटले होते.

आम्हाला दारात पाहून मास्तरांनी दातातला दोरा काढला. काकू म्हणाल्या, “मास्तर, त्या दिवशी ही घरातच होती.”

“माहीत आहे, काकू. माळ्याचं दार उघडं होतं. निळ्या चादरीखालून चाक दिसत होतं.”

“मग बोलला का नाहीत?”

“काकांची होती. म्हटलं, तुमचं मन होईल तेव्हा द्याल.” आणि त्यांनी तेलाची कुपी उचलली.

 ही दोन वर्षे काकूंची पोलकी याच माणसाने शिवली होती.

आतून मास्तरांची आई म्हणाली, “अरे, गप्पा काय मारतोस? मला आधी कोपऱ्यापर्यंत ने.”

“आज नाही गं, आई. रबर फाटलंय. चार दिवस लागतील.”

“लागू देत. दोन वर्षं थांबले, चार दिवसांचं काय!”

ती सहज बोलली, हसून बोलली. पण काकूंनी पदर तोंडाला लावला, आणि मी लोखंडाची नसते तर मीही वितळले असते.

आता मी रोज तिला कोपऱ्यापर्यंत नेते. तिथे पोचलो की ती माझा हात थोपटते आणि म्हणते, “शहाणी गं माझी.” तेवढे मात्र मला अजून सहन होत नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरी ‘लागेल’ म्हणून काही ठेवले असेल. कुणाला लागेल, ते एकदा मोठ्याने विचारा. नाव घराबाहेरचे निघाले, तर रबराला भेगा जाण्याआधी ती वस्तू खाली काढा. तिला बिचारीला स्वतःहून उतरता येत नाही.