ओळंब्याचं अंगण

त्या गवंड्याला सगळी आळी भिंतीचा सरळपणा तपासायच्या दोरीवरून 'ओळंबा' म्हणायची. कुणाकडे चहाला गेला तरी कप खाली ठेवायच्या आधी म्हणायचा, "ही भिंत दोन बोटं कललीय हं." आणि अशा माणसाची पिकअप चार वर्षं स्वतःच्या अंगणात डाव्या अंगावर झुकून उभी! मेहुण्यानं तिचं नावच 'भंगार' ठेवलं होतं.

"दाजी, रविवारी पाचला भंगारवाला येतोय. ताईशी बोललोय मी."

"ताईशी? गाडी माझी आहे!"

"अहो, पाचपर्यंत सरळ उभी करून दाखवा आणि ठेवा," बायको म्हणाली. "नाहीतर तिथं मी चादरी वाळत घालणार."

ओळंब्याचं टाळकंच सरकलं. जिनं आळीभरच्या विटा वाहिल्या, तिची किंमत दोन चादरी! तो तडक मागच्या चाकांवरचे दोन नवे स्प्रिंगचे पाटे घेऊन आला. रविवारी उजाडताच जॅक लावला, गाडीखाली टेकूला लोखंडी घोड्या सरकवल्या, मागची चाकं काढली आणि पाठीवर सरपटत आत शिरला.

पाटे धरून ठेवणारे यू-बोल्ट गंजलेले. त्यांचे नट कसले, जावईच ते. एकदा बसले की उठायचं नाव नाही. डिझेल ओतून झालं, शिव्या देऊन झाल्या. शेवटी पान्याला नळाचा लांब पाइप जोडून त्यानं बाहेर येऊन अंगातलं सगळं बळ लावलं. नट जागचा हलला नाही. पाना तेवढा निसटला आणि ओळंबा थेट बायकोच्या कुंडीत जाऊन बसला.

मेहुणा पालथ्या बादलीवर बसून चहा पीत होता. "दाजी, उलटं फिरवताय."

"मग तू ये ना खाली!"

"माझी कंबर..."

"बसून बसून गंजलीय ती. तिच्यावर पण डिझेल ओतू का?"

दुपारी जुने पाटे एकदाचे निघाले. शेजारी शेजारी ठेवले, तर दोघांचा बाक अगदी सारखा. डावा जास्त बसलेला असायला हवा होता की नाही? दोघांनी संगनमत करून आपल्याला फसवलं, असं वाटून ओळंबा आणखीच पेटला. त्यानं नवे पाटे चढवले, यू-बोल्ट करकचून आवळले, चाकं लावली, घोड्या काढल्या, जॅक उतरवला. पाचला दहा कमी.

गाडी डावीकडे झुकली. पहिल्याइतकीच.

मेहुणा खाकरला. "चुकून जुनेच बसवलेत का हो?"

ओळंब्यानं दुकानदाराचा उद्धार केला, कारखान्याचा केला, लोखंडाचाही केला. रागानं बादलीला लाथ घातली, तसा मेहुण्याचा चहा सांडला. तो चहा सरळ डावीकडे पळत सुटला, गाडीच्या पोटाखालून गेला आणि भिंतीशी जाऊन थांबला.

ओळंबा वाकून त्या ओघळाकडे बघू लागला. चार वर्षांपूर्वी अंगणाचा हा सिमेंटचा कोबा त्यानंच घातला होता. पातळी दाखवणारी बुडबुड्याची पाणसळ न लावता. ओळंब्याच्या डोळ्याला पाणसळ कशाला हवी?

फाटक वाजलं. भंगारवाला!

आता गाडी तरी जाणार, नाहीतर नाव. ओळंबा फाटकाआड उभा राहिला. "गाडी सरळ आहे. अंगण वाकडंय."

मेहुणा हसता हसता बादलीवरून घसरला. "ताई, ऐकलंस का? नाचता येईना..."

"अरे, खरंच वाकडंय! मीच घातलंय!"

"काहीतरीच तुमचं," बायको म्हणाली. "तुमचं काम कधी वाकडं असतं का? वीस वर्षं तेच ऐकतेय मी."

"नसायला काय झालं? डोळे फुटलेत का सगळ्यांचे?" त्यानं आतून पाणसळ आणून कोब्यावर आदळली. बुडबुडा उजव्या टोकाला जाऊन बसला. तरी कुणी मानेना, तेव्हा त्यानं पिकअप रस्त्यावर काढली. डांबरावर ती ताठ उभी राहिली, जणू कवायतीला आलीय. शेजारीपाजारी जमले. ओळंबा त्यांच्यासमोर छाती ठोकून ओरडत होता, "चार बोटं! चांगली चार बोटं वाकडं केलंय मी!"

भंगारवाला रिकाम्या हातानं परत गेला.

बायकोनं कुंडीची माती गोळा केली. "राहिली तुमची गाडी. आता अंगण कधी उकरताय?"

"उकरायचं कशाला?" ओळंबा खवळला. "मुद्दाम उतार दिलाय तो. पाणी जायला नको?"