सकाळच्या बातम्यांनंतरची नावं

नेडीननं बिस्किटांच्या खोक्याचा फाडलेला पुठ्ठा कागदाच्या उजव्या बाजूवर बसवला, गुन्ह्यांचा रकाना पुरता झाकला गेलाय ना हे बोट फिरवून पाहिलं आणि मायक्रोफोन आपल्याकडे ओढला. काचेपलीकडे रेडिओचा निवेदक व्हर्लिन शाळेतलं आजचं जेवण सांगत होता. मक्याचा पाव आणि घेवडा. त्याआधी मयतांची नावं होऊन गेली होती, हरवलेला एक शिकारी कुत्रा होऊन गेला होता, कुणाला जुना ट्रॅक्टर विकायचा होता तेही सांगून झालं होतं. आता तुरुंग. व्हर्लिननं मान हलवली. नेडीनच्या पुढ्यातला लाल दिवा लागला.

डोंगरातल्या त्या काउंटीत, म्हणजे छोट्याशा जिल्ह्यात, या वेळी निम्मी घरं रेडिओ लावून बसलेली असत. काउंटीच्या तुरुंगात आज जे कोणी आत असतील त्यांची नावं प्रार्थनेसाठी वाचायची, एवढाच कार्यक्रम. ही रीत ओपलमावशीची. ती चर्चमधली सगळ्यांत म्हातारी बाई. कितीतरी वर्षं तीच वाचायची. डोळे अधू झाले तेव्हा तिनं पुठ्ठ्यासकट कागद नेडीनकडे दिला आणि आपण शेजारी खुर्ची टाकून बसायला लागली. नियम सोपा होता. नाव तेवढं घ्यायचं. आडनाव नाही, गुन्हा नाही.

"गुन्हा वाचायला जज्ज बसलाय की तिकडे," ओपलमावशी म्हणायची. "आपण कशाला त्याच्या पोटावर पाय द्यायचा?"

"पण देवाला आडनावाशिवाय कसं कळणार, मावशी?" नेडीननं पहिल्या दिवशी विचारलं होतं.

"अगं बाई, देवाकडे त्याची यादी आहे. तो काय आपला रेडिओ ऐकत बसलाय? ही नावं त्या पोरांसाठी."

नेडीनला तेव्हा ते फारसं कळलं नव्हतं. पण तिचा आवाज चांगला होता, खणखणीत, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या लेकरांची नावं वाचताना तो कधी हलला नव्हता. दुकानात भेटलेल्या बाया तिचा हात दाबायच्या. "काल माझ्या रस्टीचं नाव घेतलंस. बरं वाटलं गं." नेडीन मान डोलवायची. मनात म्हणायची, यात बरं वाटण्यासारखं काय आहे?

"ॲमॉस," तिनं सुरुवात केली. "लोनी. ड्रेमा." ही ड्रेमा कोण होती देव जाणे, बर्फ वितळल्यापासून रोज यादीत होती. "वेस्ली. शेल्बी."

पुढची ओळ आली. नेडीनचं बोट तिच्यावर थांबलं आणि खाली सरकलं.

"कर्टिस," ती म्हणाली.

ओपलमावशीनं मान वळवली. तिला दिसत नव्हतं, पण कान तिखट होते. यादी संपली, दिवा विझला.

"झाली सगळी?"

"झाली."

वगळलेलं नाव टेसाचं होतं. नेडीनच्या मुलीचं.

टेसा गेल्या पानगळीत घरातून गेली ती गेलीच. पाठदुखीच्या गोळ्यांच्या व्यसनानं आधी तिची नोकरी खाल्ली, मग नवरा, मग तिचा फोनही लागेनासा झाला. कुणी म्हणे नदीपलीकडे दिसली, कुणी म्हणे नाही. नेडीननं हिवाळ्यात धीर करून तुरुंग सांभाळणाऱ्या शेरीफच्या कचेरीची खिडकी गाठली होती. चांगला कोट घातला होता, पाद्र्याची चिठ्ठी घेतली होती. तिला वाटलं होतं, ओळख लागेल, वशिला लागेल, निदान रडावं तरी लागेल.

खिडकीतली बाई च्युइंगम चघळत म्हणाली, "चिठ्ठी ठेवा आत. कोण आत आहे ते कुणीही बघू शकतं. घरबसल्या. कॉम्प्युटरवर आमचं पान उघडा, नाव टाका, झालं."

"पण मी कोण, कशाला विचारतेय..."

"ते आम्ही विचारतच नाही, ताई. लोकांचा तुरुंग, लोकांचा कागद."

नेडीन बाहेर येऊन पायरीवर बसली होती. एवढी जाड भिंत, एवढी कुलपं, आणि आत कोण निजलंय ते बाहेरच्या कुठल्याही म्हातारीला विचारता येतं. का म्हणून कुणी हटकत नाही! तिला ते खरंच वाटेना. मग मात्र ती सराईत झाली. सकाळी कॉफी उकळत ठेवायची आणि आपल्या काउंटीचं पान उघडायची, मग पलीकडच्या. एका काउंटीला पानच नव्हतं, तिथे फोन करावा लागे. आणखी एकीकडे यादी कचेरीच्या काचेच्या दाराला आतून चिकटवलेली असे, तिथे ती दर शुक्रवारी गाडी हाणत जायची. प्रत्येक यादीच्या तळाला एक ओळ असे, की अटक झाली म्हणजे गुन्हा शाबीत झाला असं नव्हे. ती ओळ नेडीन दर वेळी वाचायची. तिथे टेसा नसली की सुटकेचा श्वास टाकायची आणि मग तासभर तिला धास्ती वाटायची. तिथे नाही, तर मग कुठे?

आणि आज पान उघडलं तर टेसा. आपल्याच काउंटीत, रात्रीच आणलेली. फोटोत गालफडं बसलेली, केस कुणीतरी कात्रीनं भादरलेले, पण डोळे उघडे. तिचेच डोळे. नेडीननं गुन्ह्याच्या ओळीवर झटकन तळहात ठेवला आणि नुसता चेहरा पाहिला. जिवंत आहे! माझी पोर जिवंत आहे! कॉफी उतू जाऊन शेगडी विझली तरी ती पडद्यासमोरून हलली नव्हती.

हे सुख रेडिओ केंद्राच्या दारापर्यंत टिकलं. काउंटीत टेसा एकच होती. नाव घेतलं की निम्म्या घरांत चमचे थांबणार. आजवर ज्यांची लेकरं तिनं न अडखळता वाचली, त्या सगळ्या आयांना आज कळणार होतं. आणि जीभ उचललीच नाही.

ओपलमावशीला घरी सोडायला नेडीननं गाडी वळवली.

"आज वाचताना तुझी एक पायरी चुकली," म्हातारी म्हणाली.

नेडीननं गाडीचा वेग वाढवला.

"आज बायकांच्या भेटीचा वार आहे. मला सोडलंस की जा तिकडेच. मला जे कळलंय ते कळलंय, तू काही सांगू नकोस."

तुरुंगात त्याच खिडकीत तीच बाई होती. भेटीसाठी मात्र तिनं नाव विचारलं, नातं विचारलं.

"आई," नेडीन म्हणाली. तिचा खणखणीत आवाज पहिल्यांदाच हलला.

काचेपलीकडे टेसा येऊन बसली. तुरुंगाच्या नारिंगी कपड्यांत ती शाळेतल्या पोरीएवढी दिसत होती. दोघींनी फोन उचलले.

"मम्मी, काय केलंय मी, विचारणार नाहीस?"

"गुन्ह्यावर पुठ्ठा ठेवला होता."

टेसाला हसू फुटलं, आणि हसता हसता तिनं बाहीनं नाक पुसलं. मग ती काचेकडे न बघता म्हणाली,

"तू माझं नाव घेतलं नाहीस."

नेडीनच्या हातातला फोन घसरला. तिनं तो पुन्हा कानाशी धरला. "तुला... इथे ऐकू येतं?"

"रोज लावतात. आमच्याकडची पहारेकरीण लावते. तू वाचायला लागलीस की कुणी चकार शब्द काढत नाही, मम्मी. झाडून सगळ्या उठून उभ्या राहतात, आजारी असल्या तरी. ज्या बाईचं नाव येतं ती म्हणते, 'आहे'. मला तर ठाऊकच नव्हतं. रात्री आले, अंगात कापरं भरलेलं, मरावंसं वाटत होतं. सकाळी बघते तर सगळ्या रांगेत उभ्या, आणि भिंतीतून तुझा आवाज. माझ्या मम्मीचा! मला वाटलं, मी गेले, आणि हे वरचं काहीतरी आहे. मीही उभी राहिले. म्हटलं, आता माझं येईल."

नेडीननं काचेवर हात ठेवला.

"शेल्बी झालं. मग एकदम कर्टिस आलं. तो पुरुषांच्या बाजूचा. मी तशीच उभी. बसावं की काय करावं, कळेना."

"टेसा, माझं चुकलं गं. मी मेली घाबरट..."

"ऐक ना. इथे एक आहे, ड्रेमा. म्हातारी आहे, दात नाहीत तोंडात, शिव्या तर अशा देते की कानात बोटं घालावीत. ती म्हणाली, 'ए पोरी, नाव काय तुझं?' मी सांगितलं. तर तिनं मान वर करून मोठ्यांदा म्हटलं, 'टेसा!' अगदी तुझ्यासारखं, तस्सं. आणि मला 'आहे' म्हणताच आलं नाही. तर त्या सगळ्या म्हणाल्या. सगळ्या एकदम. 'आहे.'"

नेडीननं कपाळ काचेला टेकलं. रोज सकाळी ती पुठ्ठा लावून नावं वाचत होती आणि घरी जाऊन भांडी घासत होती. आणि या भिंतीआड रोज माणसं त्या नावांसाठी उभी राहत होती. तिला अंगावर काटा आल्यासारखं झालं. चर्चमध्ये एवढी वर्षं बसून तिला असं कधी झालं नव्हतं.

"तिला सांग," ती म्हणाली, "ड्रेमाला सांग, की मी..."

"सांगते," टेसा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गाडीत नेडीननं ओपलमावशीला सगळं सांगितलं. म्हातारी ऐकून घेत राहिली, मग तिनं हातमोजे काढले, पुन्हा घातले.

"उभ्या राहतात?" तिनं विचारलं.

"उभ्या राहतात, मावशी."

"मला वाटायचं, ऐकत असतील एखाददोघी. उभ्या राहतात होय." आणि पुढचा सगळा रस्ता ती खिडकीकडे तोंड करून बसली होती.

लाल दिवा लागला. नेडीननं पुठ्ठा बसवला.

"ॲमॉस," ती म्हणाली, आणि थांबली. "लोनी." पुन्हा थांबली. एका माणसाला 'आहे' म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढी. काचेपलीकडे व्हर्लिननं हात गोल फिरवून आटप, आटप अशी खूण केली. रेडिओवर अशी शांतता त्याला सोसत नसे. ओपलमावशीला ती खूण दिसणं शक्य नव्हतं, पण का कोण जाणे, ती त्याच वेळी खुर्चीचा हात धरून सावकाश उठली आणि नेडीनच्या शेजारी उभी राहिली. व्हर्लिनचा हात खाली आला.

"ड्रेमा," नेडीन म्हणाली. इथे ती जरा जास्तच थांबली. "वेस्ली. शेल्बी."

खुर्ची मागे सरकवून तीही उठली.

"टेसा," ती म्हणाली. "माझी टेसा."

हा नियमभंग होता. ओपलमावशी उभीच राहिली. खोलीत काही ऐकू येत नव्हतं; तुरुंगातून इकडे काही ऐकू येण्याची सोय नव्हतीच. तरीही नेडीन उभ्या उभ्या थांबली, पुरेशी थांबली, आणि मग कर्टिसचं नाव घेतलं.