शरणम्मानं टाकलेली पानं

“बघून खेळणार का न बघता?” शांतलिंग मुकादमानं विचारलं.

जाईबाईपुढं तीन पानं पालथी पडली होती. मांडीशी चिंचोक्यांचा ढीग होता. मघाशी तो ओंजळभर होता, आता जेमतेम मूठभर. समोर शरणम्मा बसली होती. तिचे चिंचोके पदरात मावत नव्हते.

“न बघता,” जाईबाई म्हणाली आणि उरलेले सगळे चिंचोके तिनं दोन्ही हातांनी मधे सारले.

“सगळे?”

“सगळे.”

भोवतीच्या बायांनी एकच गलका केला. “येडी झाली का गं? पानं तरी बघ!” चन्नम्मा ओरडली. जाईबाईनं पानांना हात लावला नाही. ती शरणम्माच्या तोंडाकडं बघत राहिली.

त्र्याहत्तरचा उन्हाळा होता. उमरग्याच्या अलीकडं माळावर पाझर तलावाचं दुष्काळी काम चाललं होतं. दुपारी सुकडी खाऊन झाली की बाया चिंचेच्या सावलीला टेकत. त्याच सावलीत झोळ्या बांधून लेकरं निजवलेली असत. आठवड्यापूर्वी खडीचा तुकडा उडून एका पोराच्या कपाळाला लागला, तेव्हा इंजिनिअर साहेबांनी मुकादमाला सांगितलं की, एक बाई लेकरं सांभाळायला बसवा, मजुरी तीच द्या.

बसून काम, आणि सावलीत. पाट्या वाहणाऱ्या बाईला याहून जास्त काही सुचलं नसतं. मागणाऱ्या दोघी निघाल्या. जाईबाईच्या पावलावर दगड पडला होता आणि पाऊल सुजून भाकरीसारखं झालं होतं. पाट्यांच्या रांगेत ती मागं पडली की पुढची बाई थांबे, मागची बोले. नवरा, हरिबा, ट्रकवर हैदराबादकडं गेला तो परतला नव्हता. घरी सासू आणि दोन पोरी. मस्टरवरचं नाव कापलं गेलं तर चूल पेटणार नव्हती. दुसरी शरणम्मा. पन्नाशी उलटलेली विधवा, दम्याची. बांधावर पाटी घेऊन चढताना दोनदा थांबायची आणि छातीवर हात दाबून धरायची.

मुकादमाची अडचण वेगळीच होती. शरणम्मा त्याच्या भाऊबंदातली, लिंगायत. तिला काम दिलं तर लोक म्हणणार, आपलं माणूस बघितलं. जाईबाईची माणसं छप्पनच्या पुढं बौद्ध झालेली, पण गावात त्यांची विहीर अजून वेगळीच होती. तिला दिलं तर त्याचेच लोक म्हणणार, आमची लेकरं तिच्या हातचं पाणी पिणार का? नाही म्हणायला त्याच्या खिशात पत्त्यांचा जोड कायम असायचा. “दोघी खेळा,” तो म्हणाला. “जी जितंल ती बसंल. मग कुणी माज्या नावानं बोंबलायचं न्हाय.”

बायांना आधी हसू आलं. मग दोघी खरंच बसल्या, कारण दोघींनाही ते काम हवं होतं.

नियम त्यानं सोपे ठेवले. प्रत्येक डावाला आधी दोघींनी दोन-दोन चिंचोके मधे टाकायचे. मग तीन-तीन पानं. एकीनं जेवढे लावले तेवढे दुसरीनं लावायचे, नाहीतर पानं टाकून द्यायची आणि मधले पहिलीला द्यायचे. लावलेच तर दोघींनी पानं उघडायची; मोठं पान जिंकणार, आणि जोडी त्याहून मोठी.

शरणम्मानं लहानपणी भावांबरोबर पत्ते खेळलेले होते. जाईबाई कधीच खेळली नव्हती, पण तिनं पाहिलं फार होतं. हरिबा घराच्या पडवीत बैठक बसवायचा तेव्हा ती त्याच्या पाठीशी चहा घेऊन उभी असायची. हरिबा चांगल्या पानाची वाट बघायचा. “येऊ दे की गं पान,” म्हणायचा आणि हातातली पानं टाकत राहायचा. त्याचं होतं ते असं दर डावाला थोडं थोडं मधे जाऊन विरघळायचं. मग कधीतरी पान यायचं, तेव्हा त्याच्यापुढं इतकं थोडं उरलेलं असायचं की समोरचा हसतच लावायचा. त्याला कुणी भीतच नसे. जाईबाईला मागं उभं राहून ते दिसायचं. सांगायची सोय नव्हती.

आणि आज पहिले सात-आठ डाव ती हरिबासारखीच खेळली होती. वाट बघत. मूठभर उरल्यावर तिच्या ध्यानात आलं, आणि तिनं सगळे मधे सारले.

शरणम्मानं आपली पानं उचलून पाहिली. ओठ हलवले. “न्हाय बाई,” म्हणून टाकली.

पुढच्या डावाला जाईबाईनं पुन्हा न बघता सगळे सारले. शरणम्मानं पुन्हा टाकली. तिसऱ्या वेळी मात्र ती चिडली. “ही काय रीत झाली खेळायची? लावते म्या. दाव पानं.”

जाईबाईनं पहिल्यांदाच आपली पानं उलटली. राणी, नव्वी, चौकी. शरणम्माकडं गुलामाच्या वर काही नव्हतं. बायांनी टाळ्या पिटल्या. दोघींचे ढीग आता जवळजवळ सारखे झाले. जाईबाईला आनंद झाला नाही. आपण नेमकं काय केलं हेच तिला कळेना. चांगलं पान नव्हतंच. तरी जिंकलो.

“वाट पानं,” शरणम्मा मुकादमाला म्हणाली.

पानं पडली. जाईबाईनं सगळे सारले. आता ते मूठभर नव्हते. हे गेले असते तर सगळंच संपलं असतं. दोन चिंचोके घरंगळले, तेही तिनं उचलून ढिगात टाकले.

शरणम्मानं पानांचे कोपरे वर करून पाहिले. या वेळी तिनं फार वेळ लावला. पानं खाली ठेवली, पुन्हा उचलली. कपाळावरचा घाम पुसला. जाईबाईकडं पाहिलं. नजर रागाची होती का दुसऱ्या कशाची, जाईबाईला तेव्हाही कळलं नाही. मग शरणम्मानं आपली तीन पानं मुकादमाच्या हातातल्या जोडात मधोमध खुपसली आणि पदरातले सगळे चिंचोके जाईबाईपुढं ओतले.

“बास. हिला बसवा झाडाखाली.”

“आक्का, अजून हुते की तुमच्याकडं,” मुकादम म्हणाला. “खेळा की.”

“बास म्हनलं न्हवं?” शरणम्मा उठली आणि पाटी घेऊन बांधाकडं गेली.

जाईबाईनं आपली पानं पाहिली. दुर्री, तिर्री, पंजी. याहून वाईट येऊ शकली नसती. पत्ते गोळा करता करता मुकादम वाकला आणि हळूच म्हणाला, “राजाची जोडी हुती तिच्याकडं.”

“बघितलं तुमी?”

तो हसला. “म्या काय काय बघतो तुला काय ठावं.” आणि निघून गेला. तो माणूस असा होता की त्याचं खरं कुठलं आणि थट्टा कुठली, हे त्याच्या बायकोलाही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाईबाई चिंचेखाली पाय पसरून बसली. बाया आल्या, पण लेकरं तिच्याकडं कुणी देईना. कुणी पाठीशी बांधलं, कुणी लांब बाभळीला झोळी अडकवली. तेवढ्यात शरणम्मा आली. तिच्या काखेत लेकीचा पोरगा होता. तिनं तो सरळ जाईबाईच्या मांडीवर ठेवला.

“पानी उकळून पाज,” एवढंच म्हणाली.

चन्नम्मा बघत उभी होती. थोड्या वेळानं तीही आपली पोरगी घेऊन आली. मग एकेक करून बऱ्याच आल्या. दोघी-तिघी शेवटपर्यंत आल्या नाहीत.

जाईबाईला वाटलं, आता कळलं. आक्कांनी मुद्दाम टाकली पानं. पण मग दुसरं मन म्हणे, त्यांना पाट्या वाहायच्या होत्या. पोरगा ठेवणार तरी कुठं होत्या? दुसरी जागाच कुठली होती? दुपारच्या सुट्टीत तिनं विचारलं. “आक्का, खरं सांगा. कसली पानं हुती तुमची?”

“काय न्हवतं गं. छक्की, अठ्ठी, असलंच कायतरी.”

“मुकादम म्हनले राजाची जोडी हुती.”

“त्येला काय कळतंय!” शरणम्मानं भाकरीचा तुकडा मोडला. “आन्‌ जोडी असती तर म्या टाकली असती व्हय?”

चार दिवसांनी चन्नम्मा जाईबाईला सांगत आली, “आक्का म्हंत्यात, एक्का हुता माज्याकडं, पर छातीत धडधडाया लागलं म्हणून टाकला.” छक्की-अठ्ठी, एक्का, राजाची जोडी. जाईबाई झोळीला झोका देताना हे तिन्ही डाव मनात मांडून बघायची. बांधावर शरणम्मा पाटी घेऊन चढताना दिसायची, थांबायची, छाती दाबायची. तेव्हा जाईबाई मान वळवून लेकरांकडं बघायची. घाबरून टाकली असेल तर आपण एका दमेकरी बाईला भिववून उन्हात ढकललं. मुद्दाम टाकली असेल तर तिचे पाय धरायला पाहिजेत. यातलं एक काहीतरी पक्कं झालं असतं तर ती त्याप्रमाणं वागली असती. दोन्ही एकदम कसं वागायचं ते तिला येत नव्हतं. एकदा तिनं घरून आणलेलं ताक शरणम्माला द्यायला काढलं, आणि ती घेणार नाही असं वाटून परत ठेवलं. घेतलं असतं की नाही, हेही कळायचं राहिलं.

पाडव्यानंतर एका दुपारी शरणम्मा बांधावर बसली ती उठलीच नाही. श्वास घेता येईना. साहेबांच्या जीपनं उमरग्याला नेलं. जगली, पण पुन्हा कामावर आली नाही. लेक येऊन तिला आणि पोराला आपल्या गावी, सीमेपलीकडं बसवकल्याणच्या बाजूला घेऊन गेली. पोराला न्यायला लेक चिंचेखाली आली तेव्हा जाईबाईनं विचारलं, “आक्का माज्याबद्दल काय म्हनल्या का?”

“न्हाय की,” लेक म्हणाली. “काय म्हनायचं हुतं?”

तलाव पुरा झाला. लेकरं सांभाळणारी बाई म्हणून जाईबाईचं नाव साहेबांच्या ध्यानात राहिलं होतं, आणि गावात बालवाडी निघाली तेव्हा त्यांनी तिला मदतनीस म्हणून लावलं. दरमहा पगार. पुढं गावात दूध सोसायटी झाली, तिच्या थोरल्या पोरीनं एका म्हशीच्या चार म्हशी केल्या. हरिबा एकदा आला, महिनाभर राहिला, पुन्हा गेला. सासू गेली. लोक जाईबाईला मानानं बाई म्हणू लागले. आपलं सगळं त्या एका डावातून निघालं, हे तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगायचं तर तो डाव कसा जिंकला तेही सांगावं लागलं असतं, आणि ते तिला ठाऊक नव्हतं.

एक्क्याऐंशी साली बालवाडीच्या मीटिंगला ती उमरग्याला गेली होती. परतताना स्टँडवर, बाकाच्या टोकाला, तिला शरणम्मा दिसली. वाळून एवढीशी झालेली, डोळ्यांवर जाड भिंगं. शेजारी जावई पिशव्या सांभाळत बसला होता.

“आक्का, वळखलं का? म्या जाई. तळ्यावरची.”

शरणम्मानं तोंड जवळ आणून पाहिलं. “जाई व्हय? बस की.” तिनं बाकावर जागा केली. पोरगा शाळेत जातो, चौथीला आहे, असं सांगितलं. गुडघे गेले म्हणाली. जाईबाईनं सगळं ऐकून घेतलं.

“आक्का, त्या दिवशीची पानं... तुमी टाकली ती. कसली हुती वो?”

“कसली पानं?”

“पत्ते. मुकादमानं खेळाया लावलं हुतं न्हवं का आपल्याला.”

शरणम्मानं एकदा जावयाकडं पाहिलं. “म्या कवा खेळले पत्ते? आमच्यात बाया पत्त्याला हात लावत न्हाईत.”

जावई हसला. “वय झालंय,” तो जाईबाईला म्हणाला. “कायबी इसरत्यात.”

शरणम्मानं पिशवीतून पितळेचा तांब्या काढला आणि तिच्यापुढं धरला.

“तेवढं पानी आनतीस का गं? मला तितवर चालवत न्हाय.”

जावई उठायला लागला. “तू बस,” शरणम्मा त्याला म्हणाली. “ती आनती.”

नळ स्टँडच्या दुसऱ्या टोकाला होता आणि त्यावर रांग होती. धार करंगळीएवढी. जाईबाई दोन पायांवर आलटून पालटून भार देत उभी राहिली. तांब्या भरला तेव्हा तिनं मागं वळून पाहिलं, तर बाकावर कुणी नव्हतं. बसवकल्याणची गाडी फलाटावरून मागं येत होती. ती पळाली; पळताना थोडं पाणी अंगावर सांडलं. कंडक्टरनं घंटी ओढली. खिडकीत शरणम्माची भिंगं चमकली, पण ती पलीकडच्या बाजूला बघत होती. जाईबाईनं हाक मारली. गाडी फाटकातून वळली आणि हमरस्त्याला लागली.

ती परत येऊन त्याच बाकावर बसली. गाव कुठलं, ते तिनं विचारलंच नव्हतं. तिच्या गाडीला अजून अवकाश होता. ट्रक जात होते आणि प्रत्येक ट्रकमागून लोट येत होता. तांब्या तिनं मांडीवर घेतला, आणि पाण्यात धूळ पडू नये म्हणून त्याच्यावर पदर धरून बसली.